पाटल्यांची जोड आणि शेवयांचं मशीन

प्रिय अक्का,

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. सकाळी तुमच्या नावाची घागर भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या आणि आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवला. तुमचे चिरंजीव घागरीपुढे हात जोडून बराच वेळ उभे होते. मग मागे न बघताच मला म्हणाले, "आईला सांगितलं का गं, मशीनचं?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा. आई तुमची."

"मला नाही जमणार," ते म्हणाले. "ती रागावली तर तुझ्यावर रागावू दे."

म्हणून हे पत्र. सासूला सुनेनं पत्र लिहावं असं आपल्यात कधी काही घडलं नाही. एकाच चुलीपुढे बसणाऱ्या दोघी, लिहायचं तरी काय? पण आता बोलायला तुम्ही समोर नाही, आणि सांगायचं तर खूप साचलंय.

तर अक्का, आधी धीर धरा. तुमच्या पाटल्या आम्ही मोडल्या. दोन्ही! आणि त्यातून घेतलं काय, माहीत आहे? शेवयांचं मशीन!

मारलात ना कपाळावर हात? मला इथून दिसला! शेजारच्या गल्लीत पहिल्यांदा मशीनच्या शेवया आल्या, तेव्हा तुम्ही एक काडी उचलून उन्हात धरली होती आणि सगळ्या बायांसमोर म्हणाला होतात, "ह्या शेवया शेतस का लाइटन्या वायरी? तोंडमा टाक्या का करंट लागी!" जिनं त्या दाखवायला आणल्या होत्या त्या बिचारीनं ताट पदराखाली झाकून घरी नेलं होतं. तेच मशीन तुमच्या सोन्यातून तुमच्या दारात आलं. काय म्हणावं!

पण याला तुम्हीही जबाबदार आहात. होय, तुम्ही. जाण्याआधी दवाखान्यातून घरी आलात, उशीखालची पुरचुंडी सोडलीत, आणि एक पाटली माझ्या हातात दिलीत, एक मंगलताईंच्या. "एक तुले, एक मंगलले. आते मनं डोकं खाऊ नका." अहो अक्का, पाटल्यांची जोड अशी कोणी वाटतं का? एक पाटली कोण घालतं? दोन्ही लेकीला दिल्या असत्या तर मी हूं की चूं केलं नसतं. पण तुम्ही जोड फोडली आणि डोळे मिटून स्वस्थ झोपलात!

तेव्हा मंगलताई आणि मी बोलत नव्हतो, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. कारण तो कूलर. लेकीनं आईच्या खोलीसाठी आणलेला कूलर पाहुणे आले म्हणून बाहेरच्या खोलीत ठेवला गेला, आणि तिथून जे सुरू झालं ते तुम्ही गेल्यावरही संपलं नाही. ताई नरडाण्यात, आपलं गाव तिथून हाकेच्या अंतरावर, पण त्या दहाव्या-तेराव्यानंतर फिरकल्या नाहीत आणि मीही गेले नाही. दोघींच्या कपाटात एकेक पाटली.

पुढे दिवाळीनंतर माझं कंपनीतलं पॅकिंगचं काम संपलं. ठेकेदारानं सगळ्या बायांना एकदम घरी बसवलं. तुम्हाला आठवतं, मला पहिल्यांदा कामावर पाठवायला तुम्हीच भावकीशी भांडला होतात? तेव्हापासून स्वतःचा पैसा हातात असायची सवय लागली होती. भाजी घ्यायची तरी यांच्यापुढे हात पसरायचा, हे काही मला जमेना. तेव्हा डोक्यात आलं, शेवयांचं मशीन घ्यावं. उन्हाळा तोंडावर होता. पैसा कुठून आणायचा? उत्तर कपाटात होतं.

असोद्याला माहेरी जाते असं घरी सांगितलं आणि सकाळच्या पॅसेंजरनं जळगावला उतरले. सराफाच्या पेढीत शिरले तर काट्यापाशी बसलेला माणूस एक पाटली फिरवून बघत होता. मला ती नक्षी ओळखू आली, अक्का. कडेला बारीक वेल, आणि एका ठिकाणी वेल घासून सपाट झालेली. माझा हात पटकन पिशवीत गेला. माझी तर होती जागेवर! मग ही?

सराफ विचारत होता, "बाई, ही जोडीतली दिसते. दुसरी कुठे आहे?"

समोरची बाई म्हणाली, "दुसरी भावजयीकडे आहे."

मंगलताई!

मला काय सुचलं कोण जाणे. मी पुढे झाले आणि माझी पाटली त्यांच्या पाटलीशेजारी ठेवली. सराफ एकदा माझ्याकडे बघतो, एकदा त्यांच्याकडे. ताईंनी मान वळवली. चेहरा पांढरा.

"वहिनी? तू बी लई उनी?"

"हो, मीही आणली. पण तुम्ही कशाला आणलीत?"

"रोज घालायला बारीक साखळी करावी म्हटलं. एक पाटली घालून कुठे जाऊ? लोक विचारतात, दुसरी हरवली का म्हणून."

"मलाही तेच विचारतात!"

आणि अक्का, आम्ही दोघी हसत सुटलो. सराफाच्या पेढीत, गादीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यानं आधी पाणी मागवलं, मग चहा. पाटल्या दोघींनी आपापल्या पिशवीत परत टाकल्या आणि बाहेर येऊन रसवंतीत बसलो. ताईंनी विचारलं, "पण तू कशापायी मोडत होतीस?" मी चाचरत सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"शेवयांचं मशीन? आईच्या पाटलीवर? वहिनी, आई वरून खाली येईल!" परत हसू. मग एकदम गंभीर झाल्या. "ठेवशील कुठे? आणि बाया कणिक घेऊन एवढ्या उन्हात तुझ्याकडे कशाला येतील?"

एवढा विचार मी केलाच नव्हता.

"आपणच त्यांच्या दारात गेलो तर?" ताई म्हणाल्या. "मशीन गाडीवर ठेवायचं. गावोगाव फिरायचं. ज्याच्या दारात उभं राहिलो त्याच्या घरातून लाइट घ्यायची. किलोमागे मजुरी."

"आपण?"

"मग? अर्धी पाटली... म्हणजे अर्धी जोड माझी नाही का?"

परतीच्या गाडीत एकाच बाकावर बसून आलो. नरडाणा येईपर्यंत कोणी काय करायचं ते सगळं ठरलं होतं. एवढं आम्ही लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून बोललो नसू.

घरी मात्र वादळ. तुमचे चिरंजीव ताट सारून उठले. "आईची एवढी एकच निशाणी, ती मोडता? आणि मशीन नाही चाललं तर? सोनंही गेलं आणि हातात लोखंड!" ते काही खोटं बोलत नव्हते, अक्का. मलाही रात्री झोप लागत नव्हती ती त्याच भीतीनं. गेलेलं सोनं आमच्यासारख्यांच्या घरात परत येतं का?

ताई दुसऱ्या दिवशी आल्या आणि भावाच्या समोर बसल्या. "दादा, विहिरीवरची मोटर कशातून आली, विसरलास? आईनं हातातल्या पाटल्या मोडल्या तेव्हा बाबाही असेच ताट सारून उठले होते. मळा भिजला. मग डेअरीला दूध घालून घालून तिनं या दुसऱ्या केल्या. आईनं सोनं पेटीत निजवायला घेतलंच नव्हतं."

हे मला माहीतच नव्हतं. कधी सांगितलं का नाही हो मला? तुमचे चिरंजीव उठून ताईंच्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "गाडी जुनी घेणार असाल तर इंजिन मी बघेन. तुम्हा दोघींना कोणीही फसवेल."

फसवणार? आम्हाला? धुळ्याला मालवाहू रिक्षा बघायला गेलो तेव्हा तुमची लेक बघायला हवी होती तुम्ही! गाडीवाला भाव सोडेना. ताई उठल्या, पदर खोचला, "चाल वहिनी," म्हणाल्या आणि फाटकाकडे निघाल्या. अगदी तुमच्यासारख्या! भराभर नाही, सावकाश, रस्त्यात चप्पल नीट करत. फाटकाशी पोचायच्या आत मागून हाक आली. यांनी माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, "आईच चालली होती ना गं?"

मशीन जळगावला एका कारखान्यात घेतलं. मी घरून डब्यात भिजवलेली कणिक घेऊन गेले आणि मालकाला म्हटलं, "यातून काढून दाखवा." शेवई जाड पडली. दुसरी जाळी लावायला लावली, तिसरी लावायला लावली. तुमच्या हातच्या शेवईइतकी बारीक कुठलीच नाही, पण वायर म्हणता येणार नाही एवढी बारीक मिळाली. कमी पडलेले पैसे बचत गटातून उचलले.

गाडी चालवायची कोणी? ताईंनी. जावईबापूंनी त्यांना सुट्टीच्या दिवशी माळावर शिकवलं. पहिल्या दिवशी बकऱ्या पळाल्या, दुसऱ्या दिवशी जावईबापू. पण शिकल्या! लायसन हातात आलं तेव्हा ते कार्ड त्यांनी साऱ्या गल्लीला दाखवलं.

आणि मग पहिला दिवस. अक्का, तो दिवस तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैनच पडणार नाही.

पलीकडच्या गावात लग्नघर होतं. बायांनी गहू ओलवून, दळून, चाळून, कणिक मळून ठेवलेली. अंगणात गर्दी. आम्ही मशीन उतरवलं, वायर जोडली, ताईंनी बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, चार काड्या बाहेर आल्या, आणि लाइट गेली! गावाचीच गेली. कधी येईल, कोणाला ठाऊक नाही. कणिक वाळायला लागली. लग्नघरची बाई रडकुंडीला. मागून कोणीतरी बोललं, "बाया गाडी घेऊन फिरायला निघाल्या!"

माझ्या डोळ्यांसमोर मोडलेल्या पाटल्या आल्या. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या घरच्या बाईला विचारलं, "काकू, शेवयांचा पाट आहे का घरात?"

माळ्यावरून दोन पाट निघाले. खाटेला टेकवले, आणि आम्ही दोघी बसलो. तुम्ही शिकवलं होतं तसंच. तळहाताचा भार पुढे, बोटं सैल, कणकेला ओढायचं नाही, नुसतं सोडायचं. तुम्ही माझ्या मनगटावर किती चापट्या मारल्यात, अक्का! पण हाताला सगळं आठवत होतं. शेवई उतरू लागली, रेशमासारखी. एक बाई काठी धरायला आली, दुसरी वाळत टाकायला. मग एकीनं लग्नाचं गाणं धरलं आणि अंगणाचा रंगच पालटला.

कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "हातवर इतल्या बारीक येतस, मंग मशीन कसाले लयनं?"

ताई मान वर न करता म्हणाल्या, "तुमना खांदासाठे, आजी."

मग ती म्हातारी आपला उजवा खांदा चोळत हसायला लागली, आणि तिच्यामागे साऱ्या जणी. अक्का, मला तुमचा खांदा आठवला. दर उन्हाळ्यात शेवयांचा हंगाम संपला की मी ओव्याचं तेल गरम करून चोळायची, आणि तुम्ही दातांत पदर धरून म्हणायचात, "काही नही व्हत." होत होतं! खूप होत होतं. मग मशीनला नावं का ठेवत होतात? एवढा एक राग माझा तुमच्यावर आहे, आणि तो राहणार.

उन्हं कलायच्या आत लाइट आली. उरलेली सगळी कणिक मशीननं चुटकीसरशी संपवली. निघताना त्याच अंगणातल्या बायांनी आमचा पुढचा आठवडा भरून टाकला.

तेव्हापासून चाक थांबलेलं नाही. शिंदखेड्याच्या बाजूची गावं झाली, नदीकाठची झाली. आम्ही दोघी उन्हानं काळ्या ठिक्कर पडलोय. गटाचा हप्ता वेळेवर जातो. भांडतोही रोज. गाडी सावलीत लावायची की सोयीच्या जागी, यावरून काल दोंडाईच्याच्या रस्त्यावर एवढं वाजलं की मी मागे मशीनशेजारी जाऊन बसले. थोड्या वेळानं ताईंनी पुढून पाण्याची बाटली मागे दिली. संपलं भांडण. कूलरच्या वेळी ही युक्ती कोणाला सुचली असती तर!

एक विचारू, अक्का? जोड फोडलीत ती मुद्दाम का हो? की थकव्यात सुचेल तसं वाटलंत? हे म्हणतात, आई कधी उगाच काही करायची नाही. ताई म्हणतात, आईला नुसती कटकट नको होती. मी दोघांचंही ऐकते आणि माझं मी समजून घेते.

आता शेवटचं. आज दुपारी ताई स्वतःच गाडी चालवत माहेरी आल्या. पायरीवर उभ्या राहून हसत म्हणाल्या, "माले लेवाले कोनी उनं नही, मीच उनू!" सगळे हसले, मीही हसले. पण आखाजीला लेकीला आणायला मुराळी जायचा असतो, आणि तुम्ही असताना एकही वर्ष तो चुकला नाही.

तर हा माझा शब्द. पावसाळ्यात मशीन झाकून ठेवलं की मी त्या गाडीवर हात बसवणार आहे. माळावरच्या बकऱ्यांचं काय व्हायचं ते होवो! पुढच्या आखाजीला यांना नाही पाठवणार, मी जाईन, एकटी, गाडी चालवत. त्यांच्या दारात हॉर्न वाजवीन. त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या की शेजारची जागा हातानं झटकीन आणि तुम्ही मारायच्या तशीच हाक मारीन, "चाल मंगल, घर चाल."

तुमची सून,
सुनंदा