थर्मासमधला बर्फ

मंगळवार, ९ तारीख
सकाळचे सात

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, भाऊजींचा गुडघाही. आम्ही ठीक. ठीक कसले, आनंदाने वेडे झालोय! आज आमच्या कोंबड्यांनी पहिली अंडी दिली. तीन! एक तर लिंबाएवढंच, पण अंडंच ना! ह्यांनी ते तळहातावर घेऊन घरभर मिरवलं. सासूबाई म्हणाल्या, "ठेवा खाली, फुटेल," आणि लगेच स्वतःच मागून घेतलं.

खरी बातमी पुढेच आहे. मागच्या महिन्यात इकडे मानमोडीची साथ आली. शेजारच्या मावशींच्या कोंबड्या चार दिवसांत संपल्या. मी जीव मुठीत धरून रोज शेडमध्ये डोकवायची. पण आमच्या साठच्या साठ तगल्या, ताई! लस लागू पडली!

तू म्हणशील, लस तर मीही दिली होती, मग माझ्याच कोंबड्या का मेल्या?

सांगते. ही लस आणायला मीच गेले होते. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी थर्मासमध्ये बर्फ भरून दिला आणि बजावलं, "वाटेत थांबायचं नाही. बाटली कोमट झाली की लस मेली. मग कोंबडीच्या डोळ्यात लसीचे थेंब घाला नाहीतर पाणी घाला, सारखंच." थर्मास छातीशी धरून मी थेट घर गाठलं, वाटभर तुझी लस आठवत.

दोन वर्षांपूर्वी तुझी लसही मीच आणली होती ना? त्या दिवशी मी वाटेत मैत्रिणीच्या दुकानात चपला बघत बसले. थर्मास बाहेर पायरीवर, उन्हात, झाकण सैल. उठले तेव्हा आत नुसतं कोमट पाणी. तू ओरडशील म्हणून रसवाल्याकडून मूठभर बर्फ मागून वर टाकला. तू झाकण उघडलंस आणि म्हणालीस, "शाब्बास! कसा टिकवलास गं!" मी हसले.

कोंबड्या गेल्यावर मला शंका आली होती. मी कुणाला विचारलं नाही. तू म्हणत राहिलीस, "माझाच हात थरथरला, थेंब डोळ्यांत पडलेच नसतील." पिंजरे विकून शिलाईच्या कारखान्यात लागलीस. आणि मी म्हणाले, "जाऊ दे ताई, होतं असं."

तुझा हात थरथरला नव्हता. एकेक कोंबडी मीच धरली होती, एकेक थेंब बरोबर डोळ्यात पडताना पाहिलाय.

पुढच्या महिन्यात नवी पिल्लं येणार आहेत. त्यांच्यासाठी तुला न विचारता तुझं नाव नोंदवून आलेय. मला हव्या तितक्या शिव्या घाल, पण पिल्लांना नाही म्हणू नकोस. रागाने का होईना, चार ओळी लिही.

दोन वर्षं तुझ्यासमोर गप्प बसलेली,
तुझी धाकटी