स्वित्झर्लंडच्या रानात येळवस

आबा, मरताना तुमी धाकट्याला सांगितलं आणि मला सांगितलं न्हाई, हे मी मानायचं कसं? नऊ दिवस तुमच्या उशाशी मी होते. तुमची घाण मी काढली, तोंडात चमच्यानं पाणी मी घातलं. तंबाखू मागायला तुमाला तोंड होतं, सुनेची भाकर कच्ची राहती म्हणायला तोंड होतं, आणि "पोरीची सही घ्या, रान पोराच्या नावावर करा" एवढं मात्र तुमी म्हणे मी आंघोळीला गेले तेवढ्यात बोललात. धाकटा असंच म्हणतो. तुमाला जाऊन बारा वर्षं झाली, त्याला आता आठवलं. परवा कागद घेऊन आला, चहा पिला, म्हणाला, "अक्का, मंगळवारी केजला कचेरीत यायचं. हक्कसोड करून टाकू. आबांची शेवटची इच्छा हाय." म्हणजे बापाच्या रानातला माझा वाटा मी राजीखुशीनं सोडला, असं मी लिहून द्यायचं. मी म्हणलं, "बारा वर्षं कुठं अडकली होती रे इच्छा, तुझ्या घशात?" तर हसला. तुमच्यासारखाच हसतो, दात न दाखवता.

तसं मी सही करून मोकळी झाले असते. सगळ्याच करतात. सही केली की दिवाळीला साडी येते, भाऊ न्यायला येतो. पण गेल्या हिवाळ्यात मी स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि तिथं माझं डोकं फिरलं. तुमची नात तिथं नोकरीला हाय, तिच्या बाळंतपणाला मी तीन महिने गेलते. एका रविवारी जावई म्हणाले, "आई, आज ऊन आहे, खेड्याकडं फिरून येऊ." मी म्हणलं, खेड्यात जन्मले, खेड्यात खपले, आता दुसऱ्याचं खेडं काय बघू? पण त्या दिवशी येळवस होती, मार्गशीर्षाची अमावस्या. इकडं घराला कुलूप लावून अख्खा गाव रानात जेवायला जातो, आणि मी तिथं खोलीत हिटरजवळ बसू? गावाकडून ज्वारीचं पीठ नेलं होतं, त्याची ताकात आंबील केली, लसूण ठेचून. बाजरीच्या पिठाचे उंडे वळून उकडले. भज्जीची मिसळभाजी नुसत्या वाटाण्याची आणि कसल्याशा हिरव्या शेंगांची झाली, वालपापडी कुठली मिळती तिथं. लेक म्हणाली, "आई, आपण सहलीला चाललोय, लग्नाला न्हाई." मी म्हणलं, तू गाडीत बस.

खाली धुकं होतं, हात दिसंना. गाडी घाट चढली आणि एकदम ऊन. लाकडाची घरं, भिंतीला सरपण असं रचलेलं की एक ढलपी पुढं न्हाई का मागं न्हाई. गाई गोठ्यात, त्यांच्या घंटा बाहेर खिळ्याला. जावई डोंगरांची नावं सांगत होते, मी कशाला ऐकते. मी रान बघत होते. एका ठिकाणी गाडी थांबवली. लेक बाळाला छातीशी बांधून बाकावर बसली, जावयांनी डबे काढले. मी म्हणलं, आधी रानाचं, मग आपलं. पाच पांडव म्हणून पाच दगड हुडकले, बर्फातच मांडले, कुंकू लावलं. आणि आंबिलीचं भांडं घेऊन रानाला फेरा घालायला निघाले, चमच्यानं शिंपत.

तुमी आता डोळे वटारणार. नऊ वर्षांची होते मी. तुमी उंडा खायला टेकलात तेवढ्यात मी फेरा घालायला आंबिलीचं मडकं उचललं, आणि तुमी हातावर फाडकन मारलंत. "ठिव ते. तुझं काय हाय ह्या रानात?" सगळे पाव्हणे हसले. आई बी हसली. त्या रानात मी निंदलं, वेचलं, राखण केली, चौथीतनं शाळा सुटली ती त्याच रानासाठी. माझं काय हाय म्हणे.

निम्मा फेरा झाला आणि एक बाई ओरडत आली. गुडघ्याएवढे रबरी बूट, मागं कुत्रं, माझ्याच वयाची असंल. जावयांचे कान लाल. ते हात जोडून काय काय सांगत होते आणि ती माझ्या पायांकडं बोट दाखवून भांडत होती. मी लेकीला विचारलं, "काय म्हणती?" लेक म्हणाली, "म्हणती, माझ्या गव्हात कशाला उभ्या?" आबा, मी खाली वाकून बर्फ बोटानं सारलं. बोटभर हिरवा गहू होता खाली. मला वाटलं रान पडीक हाय. जन्म रानात गेला आणि मी उभ्या पिकात नाचत होते! असली लाज मला कधी वाटली न्हाई.

बांधावर आल्यावर मी लेकीला म्हणलं, विचार, रान कुणाचं? बाई म्हणाली, माझं. नवऱ्याचं न्हाई? न्हाई, तो शाळेची गाडी चालवतो. भाऊ हाय का? हाय, शहरात. बापानं रान मला दिलं. मी म्हणलं, "भावाची सही घेतली का विचार." लेक म्हणाली, "आई, गप बस, हे असं विचारत न्हाईत." मी उंडा पुढं केला तर तिनं वास घेतला आणि कुत्र्याला घातला. चहा न्हाई, बसा न्हाई. हातानंच दाखवलं, निघा. जावई वाटभर म्हणत होते, "काय उद्धट बाई!" मला ती लई आवडली. माझ्या गव्हात, म्हणाली. तसं भांडायला मला इथं गुंठाभर जागा न्हाई.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाई, एवढी मी खुळी न्हाई. सही केली न्हाई तर धाकटा दार लावून घेईल. मग सासरातनं, ह्या युसूफ वडगावातनं, माहेरी नांदूरघाटच्या गाडीत बसायला मला कारण उरणार न्हाई. आणि केली, आणि तुमी तसं बोललाच नसाल, तर ते मला मरेपर्यंत खाईल. धाकटा खोटं बोलतो असं मी चारचौघांत सांगितलंय. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली न्हाई. सातव्या दिवशी दुपारी मला बसल्या जागी डुलकी लागलती. तुमी माझं मनगट धरून कायतरी बोललात. मी "हां आबा, हां" म्हणलं आणि डोळे मिटले. काय बोललात ते मी ऐकलं न्हाई, आणि उठल्यावर विचारलं बी न्हाई.

काय बोललात? सपनात या, न्हाईतर कसं बी सांगा. सोमवारी दिवस मावळायच्या आत सांगा. मंगळवारी सकाळी धाकटा मला न्यायला येतोय.