'गा' म्हणजे घर

ठाणे, माघ वद्य पंचमी, शके १८१२. सायंकाळ.

पेढी माझ्या धाकट्या भावाला, सदूला, चीनला धाडते आहे. कँटनची बोली शिकला तर हाँगकाँग, मधूनमधून घरी येणे. दरबारी मँडरिन शिकला तर दूर उत्तरेस, मोठा हुद्दा, पण वर्षानुवर्षे परतणे नाही.

सदू म्हणाला, "ताई, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकणारे सुईणीचे कान तुझे. कोणती भाषा माझ्या तोंडी बसते, तूच सांग."

पेढीने धाडलेल्या चिनी शिक्षकाने दोन्ही शब्द म्हणून दाखवले: घराला कँटनी 'गा', दरबारी 'ज्या'. आई हसली, "गा म्हणे! मग गा की रे."

सदूचा 'गा' दर वेळी सुरात चुकला. 'ज्या' अचूक आला. मी तसेच सांगितले. खोटे का बोलले नाही? तो आनंदाने पेढीवर कळवायला गेला.

तो दूर उत्तरेस जाणार हे आईला अजून ठाऊक नाही. तांदूळ निवडता निवडता ती 'गा, गा' गुणगुणते आहे. तिचा सूर अगदी बरोबर लागतो.