तीन प्रार्थनांचा तोल

३ ऑगस्ट १९८७
आज घरी आलं : घोट्याची लवचीक पट्टी एक, चार डॉलर. तपासणीचं बिल, अठ्ठावीस डॉलर. एवढ्यात काय केलं, तर मला एका पायावर उभं केलं. तळ्यावरचा बगळा हे फुकट करतो.
व्यायामवाली टॅमी, वय चोवीस, कानात तीन-तीन रिंगा. म्हणाली, काकू, मुरगळलेल्या उजव्या पायावर तीस सेकंद उभ्या राहा, मग दोन खुर्च्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा चाला. जमलं तरच नाच. मी हिची काकू कधी झाले?
यजमान तिच्याच बाजूचे. क्लेम म्हणतो, ती हो म्हणाली तरच तुझा हात धरीन. सत्तावीस वर्षं चर्चच्या उत्सवातला पहिला पोल्का, गिरक्यांचा जोडीनाच, आम्ही दोघं सुरू करतो. उत्सव तीसला. मी नाही तर नणंद लिओना. टपूनच बसलीय.

६ ऑगस्ट
संकल्प : रोज चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर सराव. घड्याळ विकत आणणार नाही, जपमाळ आहे. डाव्या पायावर तीन ‘नमो मरिये’ प्रार्थना म्हणून होतात. उजव्यावरही तीन! बरोबरी.

९ ऑगस्ट
उजव्यावर पाच!! डाव्यावर तीनच. मुरगळलेला पाय जास्त बळकट निघाला. क्लेम म्हणाला, अगं, त्या पायावर तू गाडी चुकत असल्यासारखी म्हणतेस, माउलीला शब्द तरी लागतात का? प्रार्थनेत तोंड घालतो म्हणजे काय! जेवायला कालचंच कोबीचं सूप.

१३ ऑगस्ट
आठचा आकडा. उजवीकडे वळताना टेबल मध्ये येतं. सरकवलं. आता कपाट येतं. पोल्क्यात सगळे उजवीकडेच का फिरतात? डावीकडे फिरलं तर देव रागावणार आहे?
लिओनाचं पत्र. वहिनी, सहज विचारते, तुझा लाल घागरा मला बसेल का? सहज!

२० ऑगस्ट
टॅमीने घड्याळ दाबलं. डावा, तीस सेकंद. उजवा, सात. म्हटलं, माझ्या पाच प्रार्थना झाल्या. म्हणाली, काकू, सात सेकंदांत? नास्तिक.
पहिल्याच उजव्या वळणाला मी तिच्या गळ्यात. पोरीने धरलं मात्र घट्ट.

२१ ऑगस्ट
लिओनाला धाडलेल्या पत्राची नक्कल :
पहिला पोल्का यंदा तू नाच. निर्णय माझा आहे, टॅमीचा नाही. क्लेमला तिसऱ्या गिरकीनंतर घेरी येते, पण कबूल करत नाही. खांदा जरा दाबून धर. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी घरीच थांबेन. त्याला तर मी विचारणार नाही, म्हणून तुला लिहिते : त्या दिवशी माझी आठवण कुणी काढली का, ते उलट टपाली कळव. फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकायचा नाही.