प्रेमलाची हवापालट

अमडापूर, ता. चिखली
दि. १२ फेब्रुवारी १९६३

चिरंजीव भगवान यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. वांगी बरी आहेत, मिरचीची पानं मात्र मुरडली. तू पुन्हा तेच लिहिलंस, की कार्ड टाकू नको, नागपुरात क्वार्टरमधले लोक वाचतात. घे, हे बंद पाकीट. पण वाचलं तर काय होतं रे? आपल्या धाकट्या इंद्रभानचं डोकं फिरलं हे इथं टपालवाल्यापासून बाजारातल्या बायांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

तू म्हणतोस, खेड्यात तुम्ही भगताच्या नादी लागता. लागलो ना! पुंजाजी भगतानं तीन मंगळवार लिंबं उतरवली. शेजारची झुंबरबाई रोज उंबऱ्यात बसून सांगते, "लगन करून दे त्याचं, सुधरते मंग." माझं डोकं उठतं. आजार म्हणून कोणी म्हणत नाही, "बाहेरचं हाये" म्हणतात. पण त्याला हाकलतही नाहीत. वाडीशेजारचे उत्तमराव त्याला संध्याकाळी बाजाराच्या टोपल्या भरायला बोलावतात, चहा पाजतात. तो एकटाच बोलत राहिला तर बोलू देतात.

आणि तुम्ही शहरातले शहाणे! "प्रेमलाला अशक्तपणा आहे, महिनाभर हवापालट," एवढंच लिहिलंस. बायकोला खामगावात मोटारीत बसवलंस आणि तिथूनच मागे फिरलास. घरी घोटभर चहाला आला नाहीस. पोर मेलेलं जन्मलं, तेव्हापासून ती अशी आहे, हे मला तिच्या भावाच्या पत्रातून कळावं? इथं आल्यावर अकरा दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसली. जेव म्हटलं तर दोन घास, वेणी मी घालायची. हा अशक्तपणा होय?

आता माझं ऐक. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, इंद्रभान वाडीत कामाला जातो. ते खोटं होतं.

दिवाळीनंतर त्यानं विहिरीत उडी घेतली. उत्तमरावांनी वर काढला, तर म्हणतो, "आक्का, खालून मले आवाज देऊन राह्यले." त्या दिवसापासून मी वाडीत निघाले की त्याचा पाय साखळीनं गोठ्यातल्या खांबाला बांधायची आणि कुलूप घालायची. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. झुंबरबाई तर म्हणाली, "बरं केलं बाई." आणि मलाही ते बरं वाटायला लागलं होतं, भगवान. वाडीत निवांत खुरपायला मिळायचं.

परवा वाडीतून आले तर प्रेमला जागेवर नाही. गोठ्यात पाहिलं, तर खुंटीवरची किल्ली घेऊन तिनं कुलूप काढलेलं, आणि गरम पाण्यानं इंद्रभानचा घोटा धूत बसलेली. घोटा सोलून निघाला होता. रोज मीच साखळी लावायची, पण मी तो नीट पाहिलाच नव्हता.

"याला किती दिवस बांधलं, आक्का?" अकरा दिवसांतलं तिचं पहिलं बोलणं.

"तीन महिने झाले. मंग काय करू? वाडी कोन पाह्यल?"

ती माझ्यावर चिडली नाही. म्हणाली, "मला आठ महिने. हे ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावायचे. शेजारणीनं विचारलं तर सांगायचे, माहेरी गेली. मी आत बसून ऐकायची."

तुला शिव्या घालायला तोंड उघडलं, पण समोर माझीच साखळी पडली होती.

इंद्रभान तिला म्हणाला, "वहिनी, तुमालेबी आवाज येते का?"

"नाही भावजी. मला काही ऐकूच नकोसं वाटतं. उठूच नये असं वाटतं."

त्यानं बराच विचार केला. "मंग तुमचं जास्त कठीण हाये," म्हणाला. प्रेमला रडली. इथं आल्यापासून पहिल्यांदाच.

काल मी दोघांना बुलढाण्याला नेलं. सरकारी डॉक्टरांनी दोघांचंही नीट ऐकून घेतलं आणि नागपूरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठ्या दिल्या. औषधं निघाली आहेत म्हणाले, वेळ लागेल. वाडी उत्तमराव पाहतील. वीस तारखेला शेगावहून आगगाडीनं आम्ही तिघं येतो.

तू रजा काढ. अर्जात मामाचं लग्न, आजीचं बारावं असलं काही लिहू नको. बायकोला आणि भावाला वेड्यांच्या दवाखान्यात दाखवायचं आहे, असं लिही. साहेब काय खातो तुला? शेजारणींना प्रेमला स्वतः सांगणार आहे. तू तिच्या बाजूला उभा राहा, एवढं तर जमेल?

मी घोट्याला पट्टी बांधते तेव्हा इंद्रभान माझ्याकडे पाहत नाही. मी बांधते आणि उठते. प्रेमला तुझ्याकडे पाहील की नाही, मला सांगता येत नाही. तरी स्टेशनवर ये.

तुझ्याइतकीच चुकलेली,
तुझी आक्का
सत्यभामा