मिस्टेक आणि निग्लिजन्स

बाई, त्या दुपारला आता दोन महिने होत आले, तरी ती माझ्या मनातून जात नाही. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण हे सांगावं असं दुसरं माणूस मला सुचत नाही. घरात सांगितलं तर म्हणतात, दोन शब्दांवरून एवढं काय?

मी नसरापूरजवळ एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. तिथं प्रेस मशीनवर उत्रोलीच्या एक काकू होत्या. घरची भातशेती सांभाळून कामावर यायच्या, आणि नवा तांदूळ निघाला की आम्हा सगळ्यांसाठी डबाभर भात आणायच्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर त्या प्रेसला होता. पण तो सारखं मशीन अडवतो, माल कमी निघतो, म्हणून मॅनेजरसाहेबांनी तो बंद ठेवायला लावला होता. सगळ्या शेडला हे ठाऊक होतं, मलासुद्धा.

चार दिवसांनी विमा कंपनीचे साहेब दवाखान्यात आले. दक्षिणेकडचे होते, मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. बाईमाणूस सोबत असावं म्हणून मॅनेजरसाहेबांनी मला नेलं. काकू खाटेवर बसलेल्या आहेत, हाताला कोपरापर्यंत पट्टी, सासूबाई पायथ्याशी. विम्याचे साहेब इंग्रजीत विचारतात, हे कसं झालं? मॅनेजरसाहेब काकूंकडे वळतात आणि अगदी गोड आवाजात म्हणतात, "काकू, चूक झाली ना तुमच्याकडून?"

"व्हय की साहेब, झाली चूक. म्या हात लवकर काढला न्हाई."

साहेब मान हलवतात आणि विम्याच्या साहेबांना सांगतात, "शी अ‍ॅडमिट्स हर निग्लिजन्स."

बाई, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. निग्लिजन्स काकूंचा ठरला की त्यांची भरपाई बुडाली. काकू तोंडातून एक गोष्ट बोलल्या आणि समोरच्याच्या कानात दुसरीच गेली, तीही त्यांच्यादेखत, त्या मान डोलावत असताना. कुणी आवाज चढवला नाही. सासूबाई तर साहेबांना चहा विचारत होत्या.

मला एकदम भोरमधली तुमची खोली दिसली. वेल्ह्याकडच्या वाडीवरून तुमच्याकडे इंग्रजी शिकायला आलेली मी, तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेय, आणि स्टोव्हवरचं दूध उतू जातंय. तुम्ही पातेलं उतरवता उतरवता विचारलंत, "मी इथंच उभी होते, तरी उतू गेलं. या चुकीला इंग्रजीत काय म्हणशील?" मी म्हटलं, "मिस्टेक." "आणि दूध तापतंय हे माहीत असून मी शेजारी गप्पा मारत बसले असते तर?" मी म्हटलं, "तीपण चूकच की, बाई." तुम्ही ओलं फडकं ओट्यावर आपटलंत. "सगळं एका पोत्यात भरू नकोस! एकाला नुसतं रागवायचं असतं, दुसऱ्याला जाब विचारायचा असतो. मिस्टेक आणि निग्लिजन्स!" मी रडले होते. एवढ्याशा दुधासाठी बाई किती चिडतात, असं वाटलं होतं.

विम्याचे साहेब उठायला लागले. मी इंग्रजीत बोलले. माझाच आवाज मला परका वाटत होता. म्हटलं, सर, ती निग्लिजन्स म्हणाली नाही, मिस्टेक म्हणाली. सेन्सर बंद होता. तो बंद आहे हे माहीत असून मशीन चालू ठेवलं, त्याला निग्लिजन्स म्हणतात, आणि तो हिचा नाही.

ते परत खुर्चीवर बसले. मॅनेजरसाहेब माझ्याकडे बघत राहिले, रागानं नाही. भिंत बोलायला लागली तर माणूस बघेल तसे. काकूंनी घाबरून विचारलं, "काय गं पोरी, काय झालं? म्या काय वंगाळ बोलले का?"

"नाही काकू," मी म्हटलं, "तुम्ही बरोबरच बोललात."

विम्याच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन स्वतः प्रेस पाहिली. भरपाई काकूंना मिळाली. बोटं कुठली यायला? सेन्सर आता चालू असतो. मला ऑफिसातून गोदामात टाकलंय, मॅनेजरसाहेब माझ्याशी बोलत नाहीत. काकू एकदा घरी येऊन गेल्या, डाव्या हातानं कप धरताना चहा थोडा सांडला. त्यांना अजूनही वाटतं की चूक त्यांचीच होती, आणि साहेबांनी मोठ्या मनानं ती पोटात घातली. मी दोनदा समजावलं. मराठीत समजावताना मीच अडखळते.

हे लिहून झालं की चुलीत घालीन. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शाब्बास, धीट झालीस. आणि मी तुम्हाला ते खरं वाटू दिलं असतं. पण खरं सांगते बाई, मी धीट नव्हते. तोंड उघडायच्या आधी मी दाराकडे पाहिलं होतं, आणि कुणी मला हाक मारली असती तर मी बाहेर निघून गेले असते.