राणीला मुदत होती

९ ऑगस्ट १९८३

पुन्हा नाही म्हणाले! रब्बी. दाढी कुरवाळत, हळू आवाजात, पाण्याचा ग्लास पुढे करत — पण नाहीच. "मिसेस, लेक ऑन्टारियो इज अ व्हेरी बिग लेक." हे मला सांगतात! इतकी वर्षं त्या तळ्याकडे तोंड करून बसलेय मी.

रहमीम व्हिटबीहून बोट घेऊन मासे धरायला गेला. बोट मिळाली, टोपी मिळाली, जेवणाचा डबा मिळाला. नवरा तेवढा नाही मिळाला. सात वर्षांनी कॅनडाच्या कोर्टानं मेला म्हणून सांगितलं. रब्बी म्हणतात, पलीकडचा काठ दिसत नाही अशा पाण्यात गेलेला माणूस मेला असं धर्म धरत नाही. लागला असेल कुठे तरी दुसऱ्या काठाला. प्रेत बघितलं कुणी? नाही. बुडताना बघितलं? नाही. मग बायको बांधलेलीच, दुसरं लग्न करायचं नाही. किती वर्षं? — त्याला मुदत नाही!

म्हणजे मी विधवा नाही, सवाष्ण नाही, घटस्फोटितही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

नथानिएल बाहेर गाडीत थांबले होते. माझं तोंड बघितलं आणि घाबरून हीटर लावला — ऑगस्टात! दोघं हसलो. मग मी रडले.

१२ ऑगस्ट

उमाताईंचं नवं प्रकरण टाइप करायला घेतलं. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात, युनिव्हर्सिटीत संस्कृतची पीएचडी करतायत. इंग्रजी असं लिहितात बाई, की एक वाक्य सकाळी सुरू होतं ते जेवायच्या वेळेला संपतं! मी मुकाट्यानं टाइप करते. ऑफिसातही दिवसभर तेच.

विषय मिथिलेची राणी. साडेपाचशे वर्षं झाली तिला. नाव आहे, उमाताई दर वाक्यात घेतात, पण मी आपली राणीच म्हणते. मोठी शिकलेली, श्लोक करायची. नवरा राजा, लढाईला गेला तो आलाच नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही!

टाइप करता करता हात थांबले माझे.

१४ ऑगस्ट

सगळं प्रकरण आज संपवलं. दुपारी चहाही घेतला नाही.

राणी घरदार सोडून नेपाळच्या बाजूला कुणाच्या आसऱ्याला गेली, आणि तिथून राज्य बघितलं म्हणे. बारा वर्षं वाट पाहिली. मग गवताचा पुतळा केला, हाच माझा नवरा म्हणून त्याला अग्नी दिला, सुतक धरलं — संपलं!

खाली जाऊन उमाताईंना विचारलं, हे असं चालतं? म्हणाल्या, "अहो, शास्त्रच आहे आमच्यात. माणूस नाहीसा झाला तर बारा वर्षं थांबायचं, मग पुतळा करून दहन. अजूनही करतात."

मला इतका राग आला त्या राणीचा! गादी मिळाली, श्लोक करता आले, आणि वर मुदतसुद्धा! एका गवताच्या बाहुलीत सुटते म्हणजे काय! येत्या ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगला, माझीही बारा होतात. पण मी राणीच्या धर्मातली नाही. मी बारा म्हटलं तर आमचे म्हणतील, मग पुढे?

२१ ऑगस्ट

नथानिएल जेवायला आले होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली त्यांना. बसच्या गॅरेजात काम, नखातलं ग्रीस निघत नाही, म्हणून ताटावर बसताना हात लपवतात. मला ते हात आवडतात. लिहून टाकलं, जा!

म्हणाले, "सिपोरा, रब्बी गेले उडत. सिटी हॉलात जाऊ. दोन साक्षीदार, दहा मिनिटांचं काम."

मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते त्यांना कळतं. आम्हा कोकणातल्या बेने इस्राएलांच्या लग्नांवर रब्बी मंडळींची आधीच बोटं ठेवून झालीत. माझा भाऊ तिकडे इस्राएलमध्ये लग्न करायला गेला तर आजीपणजीची लग्नं धर्माला धरून झाली होती का, ते विचारलं त्याला! आता मी बांधलेली बाई असून दुसरा केला तर बरंच झालं त्यांना. उद्या माझ्या लेकीचं, टिर्झाचं लग्न ठरेल तेव्हा आधी माझं निघेल.

टिर्झा ताट अर्धं टाकून उठली. एकोणीस वर्षांची घोडी, पण नथानिएलचं नाव काढलं की तोंड फिरवते. "आय हॅव टू पॅक." सप्टेंबरात परत जायचंय कॉलेजात, इथल्याच ऑन्टारियोतल्या लंडनला, आत्तापासून कसलं पॅकिंग? बापाची जागा कुणी घ्यायला नको, दुसरं काय. गेला तेव्हा सात वर्षांची होती. रोज संध्याकाळी खिडकीत बसायची.

मंगळसूत्र अजून आहे गळ्यात. स्वेटरच्या आत. ते काढायलाही कुणाची तरी परवानगी लागेल.

८ सप्टेंबर

रोश हशाना, आमचं नवं वर्ष. गव्हाच्या चिकाचा हलवा केला, नारळाच्या दुधातला. खायला मी एकटी.

१८ सप्टेंबर

काल किप्पूरचा उपास. टिर्झा लंडनहून बसनं आली. उपाशी पोटी माझं डोकं फिरतंच, त्यात हिनं भर घातली!

मेलेल्यांसाठी प्रार्थना असते तेव्हा ज्यांचे आईबाप हयात आहेत ते उठून बाहेर जातात. दरवर्षी ही माझ्याशेजारी बसून राहायची, बापासाठी. रब्बी काही म्हणोत, आम्ही दोघी बसायचो. यंदा उठली आणि सरळ बाहेर! मागून विचारलं तर, "वॉशरूम." इतका वेळ? बापाचं नाव घ्यायला पाच मिनिटं नाहीत हिच्याकडे! बोलले मी. वाट्टेल ते बोलले. ती आपली माझं ताट वाढत राहिली. आज सकाळी जाताना मिठी मारली, किती तरी वेळ सोडेना.

२२ सप्टेंबर

शेवटचं प्रकरण आलं.

पुतळा जाळला आणि राणी सुटली असं मी धरून चालले होते. कशाची सुटते! लोक सांगतात, नवऱ्याच्या नावानं अग्नी दिला आणि त्याच अग्नीत तीही गेली. उमाताईंनी खाली टीप घातलीय, याला पुरावा नाही. श्लोक तिचेच, यालाही पुरावा नाही. पण सांगतात सगळे हेच.

ही मुदत! बारा वर्षं राज्य चालव, आणि मग चल, वेळ झाली! तो बेपत्ता होता म्हणून ही जिवंत होती. तो मेला म्हटल्याबरोबर हिचंही संपलं. आणि मी हिचा हेवा करत होते. शी!

उमाताईंना म्हटलं, तिनं एकदा तरी लिहिलंय का हो, की मला कंटाळा आला वाट बघायचा? म्हणाल्या, "तसं काही सापडलं नाही अजून."

सापडणारही नाही. असलं कोण जपून ठेवतं!

२ ऑक्टोबर

ठरवलं. राणीचं अर्धं घ्यायचं. बाहुलीपर्यंत, पुढचं नको.

उमाताईंनी कपाळाला हात लावला. "सिपोराबाई, तुम्ही ज्यू! शिवाय याला मंत्र लागतात, भटजी लागतो, पळसाची पानं लागतात. टोरांटोत पळस कुठून आणू मी?"

म्हटलं, मेपल चालेल का?

हसू आवरेना त्यांना. मग डोळे पुसत म्हणाल्या, "चालवू."

टिर्झाला फोन केला. आमच्यात नाही, पण उमाताईंच्या धर्मात मुलानं अग्नी द्यायचा असतो, मला तू एकच, येशील का? म्हणाली, "आय ऍम नॉट बर्निंग डॅड. दॅट्स सिक, मॉम. प्लीज डोन्ट डू इट." रडत होती. मी म्हटलं, बारा वर्षं झाली बाळा, तो मेलाय. फोन ठेवला तिनं.

९ ऑक्टोबर

व्हिटबी. नथानिएलनी गाडी काढली. वारा असा की उमाताईंचा पदर तोंडावरून हटेना.

काठावरची वाळलेली लव्हाळी उपटली, माणसाएवढी जुडी बांधली. मेपलची पानं खोचली. डोकं काही जमेना, शेवटी नथानिएलनी आपला रुमाल गाठ मारून दिला. बिचारे! दुसऱ्याच्या नवऱ्याला स्वतःचा रुमाल!

पेटेना. काड्या विझत होत्या. मग बार्बेक्यूच्या कोळशावर ओततात ते तेल आणलं गाडीतून. भडकला एकदम. उमाताई आठवेल तेवढं म्हणाल्या. मी मेलेल्यांसाठीचं कद्दीश म्हटलं. तसं बाईनं म्हणत नाहीत, आणि म्हणायला दहा पुरुष लागतात. एक होता, तो गाडीला टेकून दुसरीकडे बघत होता.

मला वाटलं होतं काही तरी सुटेल. काही नाही सुटलं. लव्हाळी जळली, इतकंच. समोर ते पाणी होतं तसंच, काठ नसलेलं. मी त्याला ओरडून म्हटलं, "जा रे बाबा आता! जा!" कुत्रं फिरवणारी एक बाई वळून बघायला लागली.

परत आलो. केसांना धूर.

१० ऑक्टोबर

मंगळसूत्र काढलं. न्हाणीघरात, दार लावून. गळा दुखतोय असं वाटत राहिलं दिवसभर.

१६ ऑक्टोबर

नथानिएलना हो म्हटलं. सिटी हॉल. अठरा नोव्हेंबर.

आनंदानं म्हटलं असं नाही. थकले. मी शेहेचाळीस, ते पंचावन्न. रब्बींच्या हो म्हणण्याची वाट बघत दोघं मरू, आणि मग म्हणतील, फार चांगली माणसं होती. ते खूश झाले आणि लगेच विंटर टायर्सबद्दल बोलायला लागले. असेच आहेत. मी खिडकीत उभी राहून पार्किंग लॉट बघत होते. सिनेगॉगला आता जाता येणार नाही. जाता येईल, पण बायका बाकावर सरकून बसतील. मला जागा द्यायला नाही, लांब व्हायला.

२७ ऑक्टोबर

टिर्झाला फोनवर तारीख सांगितली. म्हटलं, ये, साक्षीदार म्हणून सही तूच कर.

"व्हेन?" अठरा, म्हटलं. "मॉम, डोन्ट साइन एनीथिंग. आय ऍम कमिंग होम." — जशी काही मी घर विकतेय! पोरीला कसं समजावू? तिचा बाप मी नाही मारला. तळ्यानं मारला.

२९ ऑक्टोबर

टिर्झा आली. कोटही काढला नाही. दारातच म्हणाली, "ही इज अलाइव्ह, मॉम."

तिकडे पश्चिमेला, रेजिना शहरात आहे. दुसरं नाव, दुसरी बायको, मुलगा शाळेत जातो. गेल्या वर्षी त्यानंच हिला कॉलेजात फोन केला. आईला सांगू नकोस म्हणाला. हिनं नाही सांगितलं.

म्हणजे रब्बीच बरोबर! लागला तो काठाला.

मी खुर्चीत बसले. पोरगी माझे गुडघे धरून रडतेय, सॉरी सॉरी म्हणतेय. आणि मी? शिव्या द्यायच्या, भांडी फेकायची, घटस्फोट दे म्हणून सांग त्याला असं ओरडायचं — तोंडातून काय निघालं माझ्या?

"बारीक झालाय का गं?"